रानमाउलीला पान का वाहत नाहीत

पुळणकोंडच्या समुद्राकाठची राई आता राखीव आहे. वनखात्याने कुंपण घातले, फाटकापाशी पाटी लावली आणि पाटीवर लिहिले की या पट्ट्यात वनस्पतींच्या दोनशे सतरा जाती आढळतात. पाटी खोटी नाही. वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीपासून खाडीच्या चिखलातल्या कांदळापर्यंत, उंडी-सुरंगीच्या सावलीतल्या रानअळवापासून सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, बोटभर दीपकाडीपर्यंत इथे जे काही उगवते ते मोजता मोजता शिकलेली माणसेही घामाघूम होतात. पण जे आता उगवत नाही त्याची नोंद पाटीवर नाही, आणि त्यासाठी गुणाकाकीपाशी जावे लागते.

गुणाकाकी म्हणजे गुणाबाई गुरव. राईच्या मध्यावर रानमाउलीचे ठाणे आहे आणि त्या देवीची सेवा तिच्या घराकडे आहे. या घराची रीत जगावेगळी. देवीचे काम इथे मुलाकडे न जाता लेकीकडे जाते, आणि जावयाने आपले गाव सोडून इथे नांदायला यायचे असते. गुणाकाकीचा नवराही असाच आला आणि जन्मभर गावाच्या थट्टेला हसून तोंड देत राहिला. काकी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. हातात काठी असते, पण ती चालण्यासाठी कमी आणि पाहुण्यांच्या पायाखाली कोणते रोप सापडले आहे ते दाखवण्यासाठी जास्त. "खाली बघून चला रे, आभाळ काय तुमच्या घराकडेपण दिसता," असे ती शहरातल्या माणसांना खुशाल सुनावते.

रानमाउलीला मूर्ती नाही. गुडघ्याएवढा काळा पाषाण आहे आणि त्याच्यापुढे वेताची एक परडी पालथी घातलेली आहे. पाषाणावर पान नाही, फूल नाही, तुळशीची मंजिरीसुद्धा नाही. सगळ्या कोकणात देवीला पत्री चढते, इथे मात्र वाऱ्याने उडून आलेले पानही काकी उचलून बाजूला ठेवते. एखादी हौशी बाई बाजारातून अबोलीचा वळेसर घेऊन येते, तेव्हा काकी तिला उंबऱ्यावरच थांबवते. "ता तू आपल्या केसात माळ, बाय. आमच्या माउलीक पानफूल चालना नाय." मग 'का' हा प्रश्न येतोच, आणि काकी उंडीच्या मुळावर टेकून सांगू लागते. ही गोष्ट कधीची, हे तिला विचारू नये. तिला ते माहीत नाही, आणि विचारणाऱ्याचा तिला राग येतो.

तेव्हा म्हणे राई आजच्या तिप्पट रुंद होती. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये आधी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, मग पुरुषभर उंचीचा वाळूचा बांध, त्याच्यामागे एक लांबट खोलगट जागा आणि मग झाडी. बांध कोणी घातलेला नव्हता. वारा वाळू आणून टाकी आणि मर्यादवेल तिला धरून ठेवी. समुद्राची मर्यादा सांभाळते म्हणून वेलीला हे नाव पडले, असे सांगतात. मागच्या खोलगटात गावाची झरी होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी झरीचे पाणी शहाळ्यासारखे गोड.

झरी कुठे खणायची ते दाखवणारे एक रोप होते. त्याला ओलाणी म्हणत. ओलाणी वीतभरही वाढत नसे. एका रोपाला चार पाने, तीही अंगठ्याच्या नखाएवढी. वाळूखाली गोडे पाणी असेल तिथेच ती उगवे, खाऱ्या जागी तिचे बी रुजत नसे. एक झरी गाळाने भरली की माणसे ओलाणी शोधत, तिच्या शेजारी चार हात खणत आणि पाणी पीत. बाकी तिचा काही उपयोग नव्हता. तिची भाजी होत नसे, औषध होत नसे, गुरेही तिला तोंड लावत नसत. पाणी सापडले की तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे, एक भिवरा सोडून.

भिवरा ही अंतू गुरवाची बायको. अंतू देवीची पूजा करी आणि रोजची पत्री आणण्याचे काम भिवराचे. पत्री तर सगळ्याच गुरविणी आणतात, पण भिवराने आणलेली पाहायला म्हणे लोक मुद्दाम देवळात येत. सोमवारी जे पान वाहिले ते ती मंगळवारी वाहत नसे. पावसाळ्यानंतर कोणती वेल कोणत्या दगडाआड निघते, अनंतमूळ कुठे, शतावरी कुठे, कोणत्या पानाच्या वासाने विंचू पळतो, हे तिला डोळे मिटून सांगता येई. बाळंतिणीला काय द्यावे, बैलाचे पोट फुगले तर काय वाटावे, यासाठी लोक तिच्या दारात येत. तिला याचा अभिमान होता आणि तो लपवून ठेवण्याची तिला मुळीच सवय नव्हती. सकाळी परडी नवऱ्यापुढे धरून ती विचारी, "आज काय हाडलंय, वळख बघू!" अंतूला बेल आणि तुळस यांपलीकडे काही ओळखता येत नसे. तो हात जोडून म्हणे, "माउलीक कळला म्हणजे झाला," आणि भिवरा पोट धरून हसे.

लग्नाला नऊ वर्षे झाल्यावर त्यांना एक मुलगी झाली. तिचे नाव आवडू. पुढे मूल झाले नाही. आवडू सहा वर्षांची असताना आषाढात तिला ताप भरला आणि तीन आठवडे तो उतरलाच नाही. भिवराने गुळवेल उकळली, काडेचिराईत उकळले, सातविणीची साल उगाळली. जे जे तिला ठाऊक होते ते सगळे तिने करून पाहिले. पोरीचे हात काडीसारखे झाले. जिच्याकडे साऱ्या गावाने औषधाला यावे, तिच्याच हातून पोटच्या पोरीला उतार पडेना. त्या दिवसांत भिवरा रानाकडे पाहायचीसुद्धा नाही, असे सांगतात. तिला त्याचा राग आला होता.

एका भर दुपारी ती पावसात भिजत देवळात आली आणि पाषाणावर डोके टेकून तिने लेकीसाठी नवस केला. "माये, माझ्या चेडवाक बरा कर. मियां तुका लाखोली घालीन. एका पानाची न्हय, शंभर जातीची, हजार-हजार पानां घालीन."

लाखोली म्हणजे एक लाख पाने देवीला वाहणे. आपल्याकडे ती बेलाची घालतात, तुळशीची घालतात, दूर्वांची घालतात. ज्या त्या बाईला आपल्या आवाक्यातले पान ठाऊक असते. शंभर जातींची लाखोली कोणी कधी बोलले नव्हते, कारण शंभर पाने ओळखणारे दुसरे कोणी नव्हते. अंतूने ऐकले तेव्हा तो कपाळाला हात लावून खाली बसला. "शंभर कित्याक बोललंस गो? बेलाची बोललं असतंस तर माउलीन नको म्हटल्यान असता?" पोरीच्या जिवापुढे बेल भिवराला फार थोडा वाटला होता. आपल्यापाशी जे सर्वांत मोठे आहे ते तिने देऊ केले होते.

तिसऱ्या दिवशी आवडूला घाम फुटला. तिने डोळे उघडले आणि पेज मागितली. भिवरा पेजेची वाटी घेऊन तशीच चुलीपाशी रडत बसली, आणि शेवटी अंतूनेच पोरीला पेज भरवली.

फळाला आलेला नवस श्रावण सरायच्या आत फेडला पाहिजे, नाहीतर देवी दिलेले परत नेते, अशी तेव्हा पक्की समजूत होती. म्हणून श्रावणाच्या पहिल्या दिवशी गाव देवळात जमला. गावकार, म्हणजे गावाचा पहिला मानकरी, गाऱ्हाणे घालायला उभा राहिला. कोकणात देवाशी बोलायचे ते गाऱ्हाण्यातून. मानकरी एकेक वाक्य देवाला सांगतो आणि जमलेले लोक त्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष देतात. साक्ष पडली की शब्द मागे घेता येत नाही. भिवरा मागून एकेक नाव सांगत गेली, गावकार ते देवीला सांगत गेला, आणि शंभर वेळा 'व्हय म्हाराजा' झाले. ओलाणीचे नाव कुठेतरी सत्तरीच्या पुढे आले. लोकांनी त्यावरही तितक्याच जोराने साक्ष दिली.

पहिले पंधरा दिवस सणासारखे गेले. लाखोलीला हात लावला की पुण्याचा वाटा मिळतो, म्हणून घरोघरच्या बाया परड्या घेऊन निघाल्या. टाकळा, कुर्डू, आघाडा, तेरडा यांची हजार पाने म्हणजे काय, सकाळच्या न्याहारीआधी होत. गाणी चालत, चेष्टा चालत. निगडीची पाने आणायला गेलेली एक जण भलतेच काही घेऊन आली तेव्हा भिवराने तिला सगळ्यांदेखत असे चिडवले की ती बाई दोन दिवस आली नाही. पण बायांना मोजायचा कंटाळा होता. मर्यादवेलीची हजार पाने पुरे होती, त्यांनी पाचपट आणली. पाने खुडत बसण्यापेक्षा वेलच ओढून आणणे सोपे, म्हणून अख्ख्या वेली ओढत आणल्या. पुळणीवरचा बांध उघडा पडला. भिवराने ते पाहिले. पाऊस आहे, पुन्हा फुटेल, असे ती म्हणाली आणि पुढच्या पानाच्या मागे लागली.

पुढे पुढे गाणी थांबली. काही पानांसाठी तिला राईच्या टोकापर्यंत, खाडी ओलांडून जावे लागले. कुठे काय उगवते ते तिला ठाऊक होते, पण किती उगवते ते तिने आजवर पाहिलेच नव्हते. रोज चार पाने खुडणाऱ्याला ते पाहायची गरज पडत नाही. आता प्रत्येक झुडुपापाशी तिला मोजावे लागत होते, आणि मोज नेहमी तिच्या अंदाजापेक्षा कमी भरत होती. तिला आतून भीती वाटू लागली, पण ती तिने कोणाला सांगितली नाही.

श्रावण संपायला चार दिवस उरले तेव्हा नव्याण्णव हजार पाने झाली होती. ओलाणी तिने शेवटी ठेवली होती, कारण ती घराजवळ होती. खोलगटात उतरून तिने खुडायला सुरुवात केली. एका रोपाची चार पाने म्हणजे हजारासाठी अडीचशे रोपे. तीन दिवस ती वाकून वाळूतून फिरली. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊशे चाळीस पाने झाली आणि तिने मान वर केली, तर साऱ्या खोलगटात झरीच्या काठावरची पंधरा रोपे तेवढी उरली होती. साठ पाने हवी होती आणि साठच होती.

पाने तशीच पदरात घेऊन भिवरा देवळात आली आणि अंतूला म्हणाली, "कौल लाव. साठ पानां कमी घेतली तर चलात काय, ता माउलीक इचार."

कौल लावायचा म्हणजे पानाचे ओले तुकडे पाषाणाला चिकटवायचे आणि देवीला प्रश्न घालायचा. उजवीकडचा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. अंतूने दोन्ही तुकडे लावले आणि प्रश्न घातला. दोघे पाहत राहिली. ना उजवा पडला ना डावा. तुकडे सुकले, अंतूने नवे लावले. तेही तसेच राहिले. त्याने तिसऱ्यांदा लावले. तेही पडले नाहीत. "माउली बोलना नाय," अंतू म्हणाला. भिवराला देवीचा नकार चालला असता, होकार तर हवाच होता. देवीने हे तिच्यावरच सोडले, ते तिला सोसेना.

ती घरी आली तर आवडू भिंतीकडे तोंड करून निजली होती. भिवराने कपाळाला हात लावला. कपाळ गरम होते. शेजारीण म्हणाली की पोरगी सकाळपासून पावसात शेताच्या बांधावर हुंदडत होती, जराशी कणकण आहे, सुंठ दे. भिवराने ते ऐकले, तिला ते पटलेही असेल. पण ज्या आईने तीन आठवडे तसल्याच कपाळावर हात ठेवून काढले होते, तिला कणकण आणि ताप यांतला फरक कोणी सांगून उपयोग नव्हता. ती उठली आणि झरीवर गेली.

चौदा रोपे तिने भराभर खुडली. पंधराव्यापाशी ती वाळूत बसली आणि मोठ्याने रडली, असे सांगतात. पाणी भरायला आलेल्या बायांनी ते ऐकले. मूळ आहे, पुन्हा फुटेल, असे ती त्या रोपालाच समजावत होती म्हणे. मग तिने तीही चार पाने खुडली. पाने गेली की ओलाणीचा कंद आठ दिवसांत कुजतो, हे तिला माहीत नव्हते. रानातले सगळे जाणणाऱ्या त्या बाईला तेवढे एक माहीत नव्हते, कारण ओलाणी आजवर कोणी खुडलीच नव्हती.

संध्याकाळपर्यंत आवडूचे कपाळ निवले. लाखोली पुरी झाली. पानांच्या राशीखाली पाषाण दिसेनासा झाला, गावाने भिवराची वाहवा केली, गावकाराने तिला साडी दिली. भाद्रपदात ती रास कुजली. चिलटे उठली, देवळात पाय ठेववेना. भिवराला एकटीला ती सगळी घाण पाट्यांनी भरून बाहेर टाकावी लागली, आणि त्या काळ्या चिखलात कोणते पान कोणते हे तिलाही ओळखता आले नाही.

पुढच्या वर्षी मृगाच्या पावसानंतर ओलाणी उगवली नाही. भिवरा रोज सकाळी खोलगटात जाऊन वाळू न्याहाळी आणि परत येई. कशाला जाते ते ती कोणाला सांगत नसे. आषाढातल्या अमावास्येला मोठे उधाण आले. बांधावर वेल पुरती धरली नव्हती. लाटांनी बांध तीन ठिकाणी फोडला आणि समुद्र खोलगटात शिरला. दोन दिवसांनी तो मागे गेला, तेव्हा झरीचे पाणी तोंडात धरवत नव्हते.

लोकांना आधी काही वाटले नाही. झरी यापूर्वीही बुजली होती. दुसरी खणू म्हणून पुरुष कुदळी घेऊन निघाले, आणि मग कुठे खणायचे हे कोणालाच सांगता येईना. वर्षानुवर्षे त्यांनी स्वतः कधी जागा निवडली नव्हती, ओलाणी असेल तिथे कुदळ मारली होती. अंदाजाने बारा खड्डे खणले आणि बाराही खारे निघाले. बायका दीड कोसावरच्या गावात पाण्याला जाऊ लागल्या. तिथे पाणवठ्यावर भांडणे झाली, घागरी फुटल्या. पुळणकोंडात मुलगी देणे म्हणजे तिच्या डोक्यावर जन्माची घागर देणे, असे म्हणून लोक सोयरिकी मोडू लागले. दोन घरे दाराला कडी घालून कायमची निघून गेली. भिवराही रोज घागर घेऊन त्या वाटेने जाई. वाटेत तिला कोणी बोल लावला नाही. शंभर वेळा साक्ष तर सगळ्यांनीच दिली होती. तिला वाटे, कोणीतरी एकदा बोलावे.

मार्गशीर्षात जत्रा आली. गावकाराने सांगितले की देवी कोपली आहे, आणि कोप उतरवायचा तर आता दोन लाखांची लाखोली बोलली पाहिजे. लोकांनी माना डोलावल्या. दुसरा उपाय त्यांना सुचण्यासारखा नव्हता. भर दुपारी सगळा गाव देवळापुढे बसला आणि गावकार म्हणाला, "भिवरा, नावां सांग गो. ह्या खेपेक दोन लाख घालूया. माउली पाणी गोड करतली."

भिवरा परडी घेऊन उठली. ती मागे उभी न राहता पुढे येऊन पाषाणासमोर उभी राहिली. बाईमाणसाने गाऱ्हाणे घातल्याचे तोवर कोणी पाहिले नव्हते. गावकार काही बोलायच्या आत ती लोकांना म्हणाली, "नावां मियां सांगतंय. पण कोणी 'व्हय' म्हणा नको. ज्येणी औंदा आपल्या डोळ्यांनी ता झाड बघितल्यान, त्येणीच 'आसा' म्हणाचा."

आणि ती एकेक नाव घेऊ लागली. टाकळा म्हणताच शंभर तोंडांनी 'आसा', म्हणजे 'आहे', असे उत्तर आले. कुडा, आसा. करवंद, आसा. पुढे आवाज कमी होत गेले. शतावरीला तीन माणसे बोलली. अनंतमुळाला एकच म्हातारी बोलली, तीही जरा थांबून. लोकांना आता कळू लागले होते की हे काय चालले आहे, आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हते. मग भिवराने ओलाणीचे नाव घेतले.

कोणीच बोलले नाही. भिवरा थांबून राहिली. गावकाराने हळूच सांगितले, "फुडे चल गो." ती हलली नाही. तिच्या पदराला धरून उभी असलेल्या आवडूने तोंड वर करून विचारले, "आये, ती खय गेली?"

"मियां खुडलंय," भिवरा म्हणाली. मग ती पाषाणाकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे पुन्हा म्हणाली, "मियां खुडलंय, माये. शेवटचा पानसुद्धा मियां खुडलंय. आता तुका पान नाय." आणि सोळा वर्षे जी परडी तिच्या हातात होती, ती तिने देवीपुढे पालथी घातली.

त्या दिवशी दोन लाखांचा नवस कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी झरीचे पाणी गोड झाले, असे काही जण सांगतात. ती माणसे दुसऱ्या गावची असतात, असे गुणाकाकीचे म्हणणे. पाणी गोड झाले नाही. भिवराने बायांना घेऊन मर्यादवेलीचे तुकडे वाळूत लावले आणि सात-आठ वर्षांनी बांध पुन्हा उभा राहिला. गोडे पाणी तिसऱ्या वर्षी सड्याच्या पायथ्याशी तीस हात खोल लागले, तेही नशिबाने. ओलाणी पुन्हा कोणाला दिसली नाही. भिवरा मरेपर्यंत दर जत्रेला नावे घेत राहिली आणि ओलाणीपाशी आपले दोन शब्द बोलत राहिली.

ती गेल्यावर पाळी आवडूवर आली. तोवर आवडूचे लग्न होऊन तिला मुलगी झाली होती. ओलाणीचे नाव आले, सगळे गप्प झाले, आणि आवडू म्हणाली, "मियां खुडलंय." म्हातारा गावकार म्हणाला, "तू न्हय गो, तुझ्या आवशीन खुडल्यान. तू पोर होतंस." आवडूने त्याच्याकडे पाहिले. "माझ्यासाठीच खुडल्यान मा? मगे मियांच." तेव्हापासून ते शब्द लेकीकडून लेकीकडे चालत आले.

आजही मार्गशीर्षातल्या जत्रेला रानमाउलीपुढे पान चढत नाही, नावे चढतात. अलीकडे ओलाणीखेरीज आणखीही एखाद्या नावाला उत्तर येत नाही, आणि उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणे पुढे सरकत नाही. चार वर्षांपूर्वी असेच एका नावापाशी ऊन कलेपर्यंत सगळे बसून होते. शेवटी सड्यावर जेसीबी फिरवून कलमे लावणारा एक जण डोक्यावरची टोपी काढून मागून तेच दोन शब्द बोलला. त्याच्या बायकोने त्याला बसायला जागा करून दिली.

ओलाणीचे नाव मात्र अजून गुणाकाकीचेच. आवडू ही तिच्या आईच्या आईची कितवी आई, हे तिला सांगता येत नाही. पण आवडू त्या श्रावणात वाचली नसती तर आपण नसतो, एवढे तिला नक्की माहीत आहे. गेल्या खेपेला एका पाहुण्या बाईने गोष्ट ऐकून झाल्यावर तिला विचारले, "काकी, त्या दिवशी झरीवर तुम्ही असता, तर काय केलं असतं?"

काकी काठी टेकत उठली. त्या बाईच्या चपलेपाशी आलेल्या एका रोपावरून तिने वाळू झटकली.

"माका तीन चेडवां आसत, बाय," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.